मापसाहेबांची पावशेर

काळजी करणे हा विषय शाळेत शिकवला जात असता, तर आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी त्या विषयाचे मुख्य परीक्षक झाले असते. आणि नेमणुकीचे पत्र हाती पडताच, आपल्या हातून कोणाला अर्धा गुण कमी तर पडणार नाही ना, या काळजीने त्यांनी ते पत्र परत पाठवले असते. मी छत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवले. परीक्षेच्या दालनाबाहेर उभ्या मुली, पहिल्यांदा वर्गात शिरणाऱ्या शिक्षिका, निकालाच्या दिवशीचे पालक, असे चिंतेचे पुष्कळ नमुने मी जवळून पाहिले आहेत. त्या सर्वांची चिंता प्रसंगाबरोबर येई आणि प्रसंगाबरोबर जाई. आमच्या शेजाऱ्यांची चिंता मात्र कायम सेवेत होती, आणि ते स्वतः निवृत्त झाल्यावरही ती निवृत्त झाली नाही.

छावणीतल्या आमच्या दुमजली इमारतीत त्यांना सगळे ‘मापसाहेब’ म्हणत. वजनमापे तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. एकटे, सडपातळ, शुद्ध शाकाहारी. शर्टाच्या खिशात भिंग, आणि खांद्यावरच्या पिशवीत एक ताणकाटा, एक अर्ध्या लिटरचे माप व एक स्टीलची पट्टी. ते बाजारात शिरले की किराणा दुकानदार आपण होऊन ताजव्याचे पारडे पुसायला घेत. कोणी कमी तोलेल याची त्यांना चिंता असेच. पण कोणी जास्त तोलले तर त्याहून अधिक असे. एकदा मी कौतुकाने सांगितले की भाजीवाली मूठभर कोथिंबीर वरून घालते. ते गंभीर झाले. “बाई, जास्त माप हेसुद्धा खोटं माप. आज तुम्हाला जास्त पडलं, म्हणजे कोणाला तरी कमी पडलं असणार.” त्या दिवसापासून मला कोथिंबीर घशाखाली उतरेना.

त्यांच्यापुढे बिस्किटे ठेवणे हा एक स्वतंत्र अनुभव होता. बिस्किट ते नंतर खात, आधी वेष्टन वाचत. वस्तूचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना, सर्व करांसहित किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रार कोठे करावी. हे सारे क्रमाने आणि ओठ हलवत. मग खिशातून भिंग निघे, पिशवीतून पट्टी. “अक्षरांची उंची कमी वाटते, बाई.” चहा तोवर निवून जाई. वेष्टनावर वाचण्यासारखे आणखी काही असते, असे त्यांना कधी वाटले नाही. आणि खरे सांगायचे तर, त्या काळी मलाही वाटले नाही.

त्यांचे घर पाहण्यासारखे होते. प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठरलेली, आणि खुर्च्यांच्या पायांखाली खडूच्या खुणा. केर काढताना खुर्ची खुणेपासून बोटभर सरकली तरी ते अस्वस्थ होत. दोन्ही घरी कामाला येणाऱ्या सखूबाई गंगापूरकडच्या, तोंडाने मोकळ्या. त्या म्हणत, “साहेब, खुर्ची हाय ती, शेताचा बांध नाय. बोटभर सरकली म्हणून कुणी कोर्टात जात नसतं.” सखूबाई गेल्या की साहेब खडू घेऊन वाकत.

अशा या घरात एका सकाळी पाण्याच्या टाकीमागे एक मांजरीचे पिल्लू सापडले. आई नव्हती. डोळे नुकते उघडलेले. सामान्य माणूस पिल्लाला प्रथम दूध देईल. मापसाहेबांनी प्रथम ते तोलले. त्यांच्या आजोबांच्या किराणा दुकानातले एक जुने पितळी पावशेर त्यांनी आठवण म्हणून जपले होते. ताजव्याच्या एका पारड्यात पिल्लू, दुसऱ्यात ते वजन. काटा मधोमध थांबला. नाव तिथेच ठरले. मी म्हटले, “साहेब, शेर-पावशेर वापरले म्हणून तुम्ही लोकांना दंड केलात, आणि घरातल्या मांजरीचे नाव पावशेर?” त्यांनी क्षणभर विचार केला. “नावाने व्यवहार होत नाही, बाई. व्यवहार मी ग्रॅममध्येच करीन.”

आणि तो त्यांनी केला. दर रविवारी सकाळी व्हरांड्यात ताणकाटा टांगून, जुन्या धोतराच्या झोळीत पावशेरला बसवून वजन घेतले जाई व एका वहीत नोंदवले जाई. सखूबाई केरसुणी टेकवून म्हणत, “साहेब, मांजर हाय का सोनं? दर आठवड्याला तोलताय ते!” झोळीतून फक्त दोन कान दिसत आणि साहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब. वजन पाच ग्रॅमने घटले तर पुढचे सात दिवस ते खचलेले असत. मी समजावत असे की मांजर सकाळी शी करून आली तरी एवढा फरक पडतो. त्यावर त्यांनी वहीत एक रकाना वाढवला.

तिच्या आहाराचा प्रश्न हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न झाला. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी हे समीकरण इतके पक्के आहे की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. पावशेरही प्रथम दूध-पोळीवरच वाढली. पण मांजर वर्षाची झाली, आणि कोठेतरी साहेबांच्या कानावर आले की निव्वळ दूध-पोळी मांजराला पुरत नाही. झाले. त्यांची भूक गेली. दोन दिवसांनी ते एक आलेखाचा कागद घेऊन वर आले. डावीकडे खाद्यपदार्थ, वर रकाने: पोषण, किंमत, टिकाऊपणा. “पेन्शनीत बसलं पाहिजे, बाई. आज महागडं सुरू करायचं आणि उद्या जमलं नाही म्हणून बंद करायचं, हे तिच्यावर अन्याय होईल. जे द्यायचं ते शेवटपर्यंत देता आलं पाहिजे.” त्यांचे हे वाक्य मला अजूनही आहारशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखे वाटते. मासे आणि कोंबडी यांच्यापुढचे रकाने मात्र त्यांनी कोरे ठेवले होते. त्या दुकानांत ते आयुष्यभर फक्त काटा तपासायला गेले होते.

शेवटी कोरडे खाद्य घ्यायचे ठरले. बजाजनगरात जनावरांच्या खाद्याचे एक दुकान होते. साहेब सिटी बसने तिथे गेले आणि सायंकाळी एक मोठी पिशवी घेऊन परतले. चेहऱ्यावर क्वचित दिसणारे समाधान होते. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. दुकानात दोन प्रकारच्या पिशव्या होत्या. मांजरीचे चित्र असलेल्या पिशवीवरच्या वजनाच्या आकड्यांची उंची नियमापेक्षा कमी होती आणि भरल्याचा महिना पुसट होता. दुसऱ्या पिशवीवर सर्व मजकूर निर्दोष, ठसठशीत. शिवाय किंमत निम्म्याहून कमी. दुकानदार म्हणाला, “काका, ह्याच्यावर कुत्रं आहे.” साहेबांनी उत्तर दिले, “चित्राचा नियमात उल्लेख नाही.”

मी हसले. पण हसून झाल्यावर मीही माझे कर्तव्य केले. चष्मा लावला, पिशवीवरचा तक्ता वाचला: प्रथिने, स्निग्धांश, कॅल्शियम, जीवनसत्त्वे. नववीच्या वर्गात ‘संतुलित आहार’ शिकवताना जे फळ्यावर लिहीत असे ते सारे त्यात होते. “काही हरकत नाही, साहेब,” मी म्हणाले, “घटक पुरेसे आहेत.” हे वाक्य मी जसेच्या तसे येथे लिहीत आहे, कारण पुढे ते मला अनेकदा आठवले.

सव्वा-दीड वर्ष सारे सुरळीत चालले. सकाळी मोजून दूध-पोळी, सायंकाळी मोजून पिशवीतले खाद्य, आणि पिशवीवरच्या नावासकट दोन्हींची वहीत नोंद. पावशेर तीन किलोंच्या वर गेली. वही समाधानकारक होती. ती थोडी संथ झाली होती, पण संथपणा मोजण्याचे साधन साहेबांच्या पिशवीत नव्हते. त्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी ते स्वतःहून जिना चढून वर आले. “बाई, या महिन्यात एकशे साठ ग्रॅम वाढली.” मी अभिनंदन केले. त्यांनी ते पेढ्यासारखे दोन्ही हातांनी स्वीकारले.

मंगळवारी सखूबाई केर काढून वर आल्या त्या पदराने हात पुसत दारातच थांबल्या. “ओ बाई, एक सांगू का? त्या पावशेरला दिसंना झालंय.”

“कसे शक्य आहे? सबंध घरभर फिरते ती.”

“फिरती व्हय. पर आज मी बादली मधी ठेवली, तर सरळ जाऊन धडकली की. त्या घरात कधी काय हलतंय का, म्हणून कळलं नाय कुणाला. तिला पाठ हाय सगळं घर.”

मी खाली गेले. साहेब व्हरांड्यात वही उघडून बसले होते. मी पावशेरच्या वाटेत माझी चप्पल ठेवली. ती आली, चपलेला नाक आपटून थांबली. भर उजेडात तिच्या बाहुल्या काळोखात असाव्यात तशा मोठ्या होत्या. मग मी तिला उचलले, आणि लक्षात आले की तिच्या कुशी धाप लागल्यासारख्या हलत आहेत. साहेब माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीची काळजी नव्हती. नेहमीच्या काळजीला बोलता येत असे.

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही रिक्षाने गेलो. साहेबांनी ताणकाट्याच्या झोळीतच तिला गुंडाळले होते आणि वही काखेत घेतली होती. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी तिची छाती बराच वेळ ऐकली, छातीचा फोटो काढायला लावला, आणि मग विचारले, “काका, हिला खायला काय देता?” साहेबांनी वही उघडली. दीड वर्षाची प्रत्येक नोंद. डॉक्टरबाईंनी पाने उलटली, आणि वही उघडीच, अलगद टेबलावर ठेवली. मी वर्गात अनेकदा अशी वही खाली ठेवली आहे. मुलीने सुंदर अक्षरात, समास सोडून, संपूर्ण चुकीचे उत्तर लिहिलेले असते तेव्हा.

“काका, हे कुत्र्याचं खाद्य आहे,” त्या हळू म्हणाल्या. “मांजराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो. कुत्र्याचं शरीर तो स्वतःचा स्वतः तयार करतं. मांजराला ते पुरेसं जमत नाही. तो मांसातूनच मिळतो. पोळीत तो नसतो, दुधात नावापुरता. तो नाही मिळाला की डोळ्याचा पडदा जातो, आणि हृदय फुगतं. हिचं दोन्ही झालंय.”

“पण वजन…” साहेब म्हणाले. “वजन वाढत होतं. परवाच…”

“ते मांसाचं नव्हतं, काका. हृदय अशक्त झालं म्हणून छातीत पाणी साठलंय.”

साहेबांनी वही बंद केली. त्यांच्या नोकरीतला एक प्रसंग मला त्यांनी चार-पाच वेळा तरी सांगितला होता: एका आडत्याने कापसावर पाणी मारून वजन वाढवले होते, आणि साहेबांनी काट्याकडे न बघता, नुसता हात घालून ती लबाडी पकडली होती. त्यांच्या सगळ्या सेवेतला अभिमानाचा क्षण तो. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, “बाई, भिजवलेला कापूस मी वजनात धरला. हात घातला नाही.”

मी म्हणाले, “साहेब, तक्ता मी वाचला होता.” त्यांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळले नाही. झोळीच्या आत पावशेर भराभर श्वास घेत होती आणि आम्ही दोन शिकलेली माणसे ते श्वास मोजत होतो.

छातीतले पाणी काढले, औषधे सुरू झाली, टॉरिनच्या पुड्या मिळाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या की डोळे परत येणार नाहीत, पण आहार सुधारला तर हृदय सावरू शकते. दोन-तीन महिने निश्चित काही सांगता येणार नाही. आणि आहार महाग असण्याचे कारण नाही. कोंबडीचे हृदय, पोटे, मांडीचे मांस. कलेजी आठवड्यातून एकदाच आणि थोडी, कारण अति झाली तर तीही बाधते. अधूनमधून उकडलेले अंडे. आणि त्याच्या जोडीला मांजरांसाठीच म्हणून केलेले खाद्य. मांस उकडलेले पाणी फेकू नये, कारण हा घटक पाण्यात उतरतो. मीठ, कांदा, लसूण यांचा स्पर्शही नको. मी हे सर्व टिपून घेतले. वाचकांपैकी कोणाच्या घरी मांजर असेल तर त्यांनीही टिपून घ्यावे. मात्र दुखणाईत मांजराचा आहार आमच्यासारखा वेष्टन वाचून ठरवू नये, डॉक्टरांना विचारून ठरवावा.

आता प्रश्न राहिला कोंबडीच्या दुकानाचा. छावणीच्या बाजारात एक वयस्क चाचा हे दुकान चालवत. साहेबांनी नोकरीत असताना त्यांचा काटा एकदा जप्त केला होता. मी बरोबर जाते म्हटले, तर साहेब “नको” म्हणाले. आणि दुकान दिसू लागताच “चला” म्हणाले. आम्हाला पाहताच चाचांनी सुरी खाली ठेवली. “आओ साब! काटा देखने आए क्या? सील ताज़ी है, देख लेव.”

“तपासायला नाही आलो,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे छताला लागले होते, कारण इतरत्र कोठे पाहिले तरी काहीतरी टांगलेले होते. “घ्यायला आलो.”

दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइके वळून पाहू लागली. चाचांनी टोपी मागे सारली. “या अल्ला. साब, तबीयत ठीक है ना?”

मग मी सांगितले. चाचांनी सगळे ऐकून घेतले, थट्टा एकदम थांबली. “बिल्ली का दिल बड़ा हो गया बोलते… अरे, तो पहले बोलना था ना. दिल-पोटा तो इधर कोई पूछता नहीं, सस्ते में जाता.” त्यांनी पारड्यात हृदये आणि पोटे टाकली, काटा बरोबर आला, आणि त्यावर त्यांनी आणखी एक हृदय टाकले. साहेबांची नजर छतावरून झटकन खाली आली. “हे जास्त आहे. काढा.”

“रहने देव साब.”

“काढा. वजनापेक्षा एक तुकडा जास्त नको.”

“नक्को बोलते? बिल्ली से पूछे क्या?” चाचा म्हणाले; पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी तो तुकडा काढून ठेवला.

पुढचे तीन महिने कसे गेले ते मी व्यवस्थित सांगू शकणार नाही. ज्या घरात सात पिढ्यांत अंडे शिरले नव्हते, तिथे एक वेगळी शेगडी, वेगळे पातेले आणि वेगळी पळी आली, व तीनही व्हरांड्यात राहिली. साहेब नाकाला उपरणे बांधून मांस उकडत, एकीकडे तोंड फिरवून ढवळत आणि दुसरीकडे दर मिनिटाला विचारत, “बाई, शिजलं असेल का? जास्त तर नाही शिजलं? पाणी जपा, पाणी जपा!” पावशेरला वाटी सापडत नसे. हाक मारण्याचा त्यांना संकोच होता. मांजरीला मोठ्याने हाक मारणारे ते गृहस्थ नव्हते. मग त्यांनी ते पितळी पावशेर आणले आणि वाटीच्या कडेवर एकदा आपटले. टण्. ती कान टवकारून त्या दिशेने आली. तेव्हापासून तोच क्रम झाला. तोलण्याच्या कामातून ते वजन केव्हाच बाद झाले होते. आता त्याला हे काम मिळाले. ते एकदाच वाजवीत आणि ती येईपर्यंत श्वास रोखून उभे राहत.

रविवारचे तोलणे बंद झाले होते. त्याऐवजी साहेब जमिनीवर बसत आणि तिच्या बरगड्यांवर कान ठेवत. एखाद्या दिवशी तिने वाटी तशीच सोडली की ते तिथेच, उपरणे नाकावर तसेच बांधलेले, वाटीपाशी बसून राहत. सखूबाईंनीही थट्टा सोडली. एकदा केर काढताना त्यांना खडूच्या खुणेवर खुर्ची नीट, अगदी नीट बसवताना मी पाहिले. “बोटभर सरकली तर आता तिला लागंल ना, बाई,” त्या म्हणाल्या.

चौथ्या महिन्यात दुसरा फोटो काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडात धरला, पहिला त्याच्या शेजारी धरला, आणि हसल्या. हृदय आवरले होते. साहेबांनी दोन्ही फोटो मागून घेतले, पिशवीतून पट्टी काढली आणि दोन्हींवर हृदयाची रुंदी मोजून पाहिली. एकदा नव्हे, तीनदा. मग पट्टी फोटोवरच विसरून ते उठले; ती मीच त्यांच्या पिशवीत सरकवली. परतताना त्यांनी रिक्षा चाचांच्या दुकानाशी थांबवली. चाचांनी तोलले, काटा बरोबर आला, आणि सवयीने आणखी एक हृदय टाकून ते थांबले. साहेब काट्याकडे पाहत होते. “असू द्या,” ते म्हणाले. चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि पुडी बांधली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. त्यानंतर सहा वर्षांनी साहेब गेले. जाताना माझ्यासाठी त्यांनी एक कागद ठेवला होता. ‘उंबरठ्यापासून वाटी: साडेतीन फूट. वाटीपासून पाण्याचे भांडे: एक फूट, उजवीकडे. जिन्याला आडवी फळी लावावी. कलेजी आठवड्यातून एकदाच.’ मी माझ्या घरात खडूने खुणा केल्या आणि तिला वर आणले. चाचा आता दुकानात नुसते बसतात, तोलतो त्यांचा मुलगा; पण पुडी बांधण्याआधी एक हृदय वरून टाकायला ते त्याला खुणावतात. मी ते घेते.

पावशेर आता म्हातारी आहे. सायंकाळी मी ते पितळी वजन वाटीच्या कडेवर आपटते. ती कान टवकारते, उठते आणि मध्येच, उंबरठ्यापाशी, थांबून जिन्याकडे तोंड करते. खालून काहीतरी ऐकू येईल अशी ती वाट पाहते. मला काळजी वाटते की वाटीतले निवेल, की ती वाट चुकेल. पण मी दुसऱ्यांदा वाजवत नाही. साहेब एकदाच वाजवीत.